हेवी सर्व्हिसिंग

माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात सर्व्हिसिंगचे दोन दर आहेत. साधी साडेतीनशे, हेवी सहाशे. भिंतीवरच्या फलकावर दोन्ही लिहिलेत, पण हेवी म्हणजे काय ते लिहिलेलं नाही. विचारणारेही फार थोडे. बहुतेकांना वाटतं, पेटी मोठी असली की हेवी. खरं सांगायचं तर हेवी म्हणजे सिगारेट ओढणाऱ्याचा सीपीयू.

(हो, सीपीयू म्हणजे आतली ती चौकोनी चकती, आख्खी पेटी नव्हे, हे मलाही माहीत आहे. पण कोल्हापुरात गिऱ्हाईक ‘सीपीयू आणलाय’ म्हणतं तेव्हा त्याच्या काखेत पेटीच असते. मी तेवीस वर्षांत कुणाला सुधारलेलं नाही, आज तुम्हीही सुधारू नका.)

काल एका वकिलांचा आला. त्यांचा टायपिस्ट रिक्षातून घेऊन आला. म्हणाला, “अर्ध्या तासानं आपोआप बंद पडतोय. व्हायरस आलाय. दोनदा फॉरमॅट मारला, तरी तसंच.” मी दोन स्क्रू काढून बाजूचा पत्रा सरकवला आणि नाकानं निदान सांगितलं. शिळा, ओलसर, राखेचा वास. लॉजमधली रात्रभर बंद राहिलेली खोली सकाळी उघडल्यावर येतो तो. व्हायरसला असा वास नसतो.

प्रोसेसरवरचा पंखा सोडवला, तर खाली प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर वाकळ अंथरलेली. खरंच वाकळ, वीणसुद्धा दिसत होती. चिमट्यानं एक कोपरा उचलला आणि तव्यावरचं धिरडं सोडवावं तशी सगळी एका तुकड्यात निघाली. खालची बाजू चहाच्या चोथ्यासारखी तपकिरी आणि हाताला चिकट. पंख्याच्या पात्यांच्या पुढच्या कडांवर काळपट तुरे धरलेले. पात्यांचं वजनच बदललेलं, म्हणून तो घरघरत होता. टायपिस्टला वाटत होतं, ती घरघर म्हणजे मशिन जोरात काम करतंय.

आमच्या रस्त्याची धूळ काही कमी नाही, पण नुसती धूळ गरीब असते. पेटी बाहेर फुटपाथवर न्यायची, पंखा बोटानं धरून ठेवायचा (नाहीतर ब्लोअरच्या वाऱ्यानं तो गरगर फिरतो आणि त्याची बेअरिंग जाते), दोन मिनिटं ब्लोअर मारायचा, झालं. साडेतीनशे रुपये. ओढणाऱ्याच्या पेटीवर मात्र ब्लोअर मारून काही होत नाही. वरवरचं उडतं, बाकीचं हसत बसतं.

कारण धूर म्हणजे नुसता वायू नव्हे. त्यात टारचे अतिबारीक थेंब तरंगत असतात. एकेक थेंब मायक्रॉनच्या पाव भागाएवढा. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड धरला, तर केसाच्या जाडीत असे अडीच-तीनशे थेंब एका रांगेत बसतील. हे थेंब गार पत्र्यावर, प्लास्टिकवर, तांब्यावर बसले की तिथं गोंदाचा हात दिल्यासारखं होतं. मग त्यावर येणारी धूळ, सुताचे धागे, मांजराचे केस जे काही असेल ते चिकटतं. त्यावर पुन्हा धूर, त्यावर पुन्हा धूळ. सारवणासारखे थरावर थर.

आणि पेटी हा सगळा धूर ओढते किती? मी एकदा रिकाम्या दुपारी हिशोब केला. पेटीच्या मागचा ८० मिलिमीटरचा साधा पंखा कागदावर मिनिटाला ३० घनफूट हवा फेकतो. दहा बाय दहाची खोली, उंची दहा फूट, म्हणजे १००० घनफूट. भागिले तीस. साधारण तेहतीस मिनिटांत खोलीभर हवा त्या पेटीतून एकदा जाऊन येते. प्रत्यक्षात जाळ्या-वायरींमुळे जरा जास्त वेळ लागेल, पण वकीलसाहेब टेबलाशी बसून दिवसाला आठ-दहा ओढत असतील, तर त्यांच्या पायाशी बसलेला हा पठ्ठ्याही ओढतोय. खिडकी उघडी ठेवली तर तेवढं कमी.

उष्णता अडली की पुढचं सगळं आपोआप. प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ गेला की स्वतःच वेग कमी करतो, आणि तरीही भागलं नाही तर मशिन बंद पाडतो. वेग कमी झाला की गिऱ्हाईक म्हणतं स्लो झालाय, बंद पडला की म्हणतं व्हायरस. मग कुणीतरी शहाणा फॉरमॅट मारतो. फॉरमॅटनं वाकळ निघत नाही. वकिलांच्या मशिनचं तापमान बायोसमध्ये (मशिनच्या स्वतःच्या सेटिंगच्या पडद्यावर), म्हणजे काही काम न करता नुसतं बसून, ८४ होतं. साफ करून नवी थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता वरच्या ॲल्युमिनियमला पोचवणारा लेप, लावल्यावर ४३. टायपिस्टला दोन्ही आकडे दाखवले. तो म्हणाला, “साहेबांना सांगू नका, फॉरमॅटमध्ये त्यांचा गाण्यांचा फोल्डर गेलाय.”

लोकांची मोठी समजूत अशी की धूर हार्ड डिस्कमध्ये शिरतो. या समजुतीचं मूळ मला ठाऊक आहे, कारण मी त्यावर परीक्षेत पाच मार्क मिळवलेत. १९९७ साली डिप्लोमाला असताना आमच्या पुस्तकात एक चित्र होतं. डिस्कची चकती, तिच्यावर तरंगणारं, वाचणारं-लिहिणारं हेड, आणि मधल्या फटीशेजारी तुलनेसाठी माणसाचा केस, धुळीचा कण, बोटाचा ठसा आणि धुराचा कण. सगळे फटीपेक्षा मोठे. १९७३ साली आयबीएमची ३३४० नावाची डिस्क आली, विंचेस्टर म्हणायचे तिला, तिच्यात ही फट अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास होती. तिथं धुराचा मोठासा गोळा अडकणं म्हणजे काय ते चित्रावरून कळायचं. आताच्या डिस्कमध्ये ही फट काही नॅनोमीटरवर आलीय, म्हणजे धुराचा एक थेंब तिच्यापुढं डोंगर. आणि साडेतीन इंची चकतीची कड ताशी सव्वाशे किलोमीटरनं पळत असते.

तेव्हाच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये चपला बाहेर काढून जायला लागायचं. देवळासारखं. एसी, पडदे, कीबोर्डवर प्लास्टिकचं कव्हर. आम्ही वीसजण मोजे घालून आत, आणि आमचे लॅब इन्चार्ज सर खिडकीच्या फटीत सिगारेट धरून उभे. धूळ आम्ही आणायची नाही, धूर त्यांनी सोडायचा. कुणाला विचारायची हिंमत नव्हती.

पण खरं सांगतो, ओढणाऱ्यांच्या शेकडो पेट्या उघडल्या, त्यात धूर आत शिरून गेलेली हार्ड डिस्क मला एकही दाखवता येणार नाही. तिला श्वास घ्यायला एक बारीक भोक असतं, शेजारी ‘हे झाकू नका’ असं छापलेलं असतं, आणि त्या भोकामागं गाळणी असते. आत फिरणारी हवा गाळायला आणखी एक. २०१३पासून ज्या हेलियम भरलेल्या डिस्क आल्या त्या तर पूर्ण सीलबंद. डिस्क जाते ती तापून. पेटीत हवा खेळत नाही, डिस्क पन्नास-पंचावन्न अंशांवर वर्षानुवर्षं बसते आणि एक दिवस टक्-टक् करायला लागते. दोष धुराचाच, पण पुस्तकात काढला होता त्या वाटेनं आलेला नाही.

कोल्हापुरात धुराचा दुसरा साथीदार म्हणजे पाऊस. मिरग बसला की माझ्याकडं एसएमपीएस, म्हणजे पेटीला वीज पुरवणारे डबे, यायला लागतात. टार आणि निकोटिनचा थर हवेतली ओल धरून ठेवतो. राखेत क्षार असतात, ओल लागली की त्यातून वीज थोडी थोडी वाहायला लागते. एसएमपीएसमध्ये आपल्या २३० व्होल्टचे डीसी होऊन सव्वातीनशेच्या वर जातात. तिथं सोल्डरच्या दोन टाक्यांच्या मध्ये ओली तपकिरी साय बसलेली असली, तर कुठल्याशा जुलैतल्या सोमवारी सकाळी बटण दाबल्यावर फट्. बहुतेकदा सोमवारीच, कारण रविवारी ऑफिस बंद असतं आणि पेटी दीड दिवस गार, ओली बसलेली असते. हा माझा अनुभव झाला, शास्त्र म्हणून कुणाला सांगू नका. आणि एसएमपीएस घरी उघडून बघू नका. वायर काढली तरी आतला मोठा कपॅसिटर बराच वेळ भरलेला असतो. माझ्या उजव्या हाताला त्याची आठवण आहे.

जास्त मजा पूर्वी होती, म्हणजे दुरुस्त करणाऱ्याच्या दृष्टीनं. तेव्हाचे काचेचे मॉनिटर. पिक्चर ट्यूबला वीस-पंचवीस हजार व्होल्ट लागायचे, त्यामुळे पडदा धूळ आणि धूर दोन्ही लोहचुंबकासारखं ओढून घ्यायचा. मी हेल्पर असताना शाहूपुरीतल्या आणि स्टँडजवळच्या सायबर कॅफेंची कामं आमच्या मालकांकडे होती. प्लायवूडच्या केबिन, पडदा लावलेला, तासाला तीस रुपये, आत काय चाललंय ते तीन गोष्टींपैकी एक, आणि तिन्हींबरोबर सिगारेट. मॉनिटरची काच पुसायला ओलं फडकं लावलं की फडकं चहात बुडवल्यासारखं व्हायचं आणि आकाश निळं दिसायला लागायचं. एका कॅफेवाल्यानं माझ्याशी भांडण काढलं होतं की तू मॉनिटरचं सेटिंग बदललंस.

सीडी ड्राइव्हचंही तसंच. डोळा म्हणतो आम्ही, त्या मुगाच्या डाळीएवढ्या भिंगावर धुराची साय आली की लेझरला वाचता येत नाही. पहिल्यांदा डीव्हीडी दगा देते, कारण तिच्यावरच्या खुणा सीडीपेक्षा बारीक. सीडी आणखी काही महिने चालते. कापसाच्या काडीला आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल, लगेच उडून जाणारं) लावून अलगद एक गोल फिरवला की जिवंत. याचे आमचे मालक दीडशे रुपये घ्यायचे आणि गिऱ्हाईकाकडं पाठ करून करायचे, म्हणजे काम अवघड वाटावं.

२ ऑक्टोबर २००८ला सार्वजनिक ठिकाणी ओढायला देशभर बंदी आली. कायदा कुठं पाळला जातो म्हणून आपण हसतो, पण मी पेट्या उघडणारा माणूस आहे, मला विचारा. वर्ष-दोन वर्षांत ऑफिसांच्या पेट्यांचा रंग बदलला. तपकिरीचा करडा झाला. हेवीचं काम निम्म्यावर आलं. आता हेवी येतो तो मालक स्वतःच्या केबिनमध्ये ओढतो तिथून, किंवा घरातून.

जाता जाता जुन्या पिवळ्या कीबोर्डबद्दल. सेकंडहँड घेताना लोक म्हणतात, हा ओढणाऱ्याचा आहे, बघा किती पिवळा. नेहमीच तसं नसतं. त्या वेळच्या एबीएस प्लास्टिकमध्ये आग लागू नये म्हणून ब्रोमिनवालं द्रव्य घालत, ते उन्हानं, उजेडानं पिवळं पडतं. साबणाच्या फडक्यानं एक बटण घासा. फडकं तपकिरी झालं आणि बटण उजळलं तर धूर. फडकं स्वच्छ आणि बटण तसंच, तर ऊन. विकणाऱ्यावर उगाच आळ नको.

आळावरून आठवलं. मी स्वतः एकदा तो घातलाय.

रंकाळ्याच्या बाजूचे एक गुरुजी. कॉम्प्युटरवर पत्रिका काढून देतात. त्यांचा सीपीयू आला, उघडला, आत तीच वाकळ, तोच चिकटपणा, रंग जरा काळसर. मी हेवीत टाकला. न्यायला आले तेव्हा शेजारी दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती, आणि मी आपला सहज, आवाज न चढवता म्हणालो, “गुरुजी, मशिनच्या जवळ बसून ओढू नका तेवढं. खिडकीपाशी ओढा.”

त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. “मी? अहो, सुपारीच्या खांडाचं व्यसन नाही मला!” मग त्यांनी दुकानातल्या सगळ्यांना साक्षी ठेवून त्यांच्या घराण्याचा आचार सांगितला. मी मान खाली घालून ऐकला. दुसऱ्या दिवशी ओशाळून त्यांच्या घरी गेलो पेटी जोडून द्यायला, तर कॉम्प्युटरचं टेबल देवघराला लागून. सकाळ-संध्याकाळ उदबत्त्यांचा जुडगा, गुरुवारी धूप, वर समई. पेटीच्या माथ्यावर गंध आणि हळदकुंकू, ते तर खंडेनवमीला आपण सगळेच लावतो. (पंख्यात झेंडूची पाकळी सापडली की मी दसरा किती महिन्यांपूर्वी झाला ते मोजतो.)

नंतर वाचलं. एक ग्रॅम सिगारेट जळताना साधारण १० मिलिग्रॅम कण हवेत जातात. एक ग्रॅम उदबत्ती जळताना सुमारे ४५. देवासाठी लावली म्हणून धूर वेगळा वागत नाही. फरक एवढाच की उदबत्तीच्या वाकळेला चंदनाचा किंवा मोगऱ्याचा उग्र, तेलकट वास येतो. हे मला आधी हुंगता यायला हवं होतं. पण तेव्हा मी स्वतः ओढत होतो, दुकानामागच्या बोळात, दिवसाला सहा. नाक कामातून गेलेलं. वर सोल्डरिंगच्या राळेचा धूर. माझ्या स्वतःच्या टेबलावरचा दिवा पिवळा होता आणि मी दुसऱ्यांच्या पेट्या हुंगत होतो. गुरुजींचे अडीचशे रुपये परत केले. त्यांनी घेतले, पण त्यानंतर कधी आले नाहीत.

तेव्हापासून मी ‘ओढता का’ असं विचारत नाही. ‘उदबत्ती लावता का कॉम्प्युटरजवळ?’ असं विचारतो. ज्याला सांगायचंय तो स्वतः हसून सांगतो.

अमेरिकेत हे प्रकरण वेगळ्या टोकाला गेलं होतं. २००९च्या नोव्हेंबरात कन्झ्युमरिस्ट नावाच्या ग्राहकांच्या संकेतस्थळावर दोन गिऱ्हाइकांची तक्रार आली, की ॲपलनं त्यांची मशिन वॉरंटीत असूनही दुरुस्त करायला नकार दिला, कारण आत सिगारेटचा थर होता आणि तो कामगारांच्या तब्येतीला धोक्याचा. आमच्या शेजारच्या मोबाईलवाल्यानं हे ऐकलं आणि म्हणाला, “मोठ्या लोकांची थेरं!” मलाही तसंच वाटलं होतं. पण पुढच्याच वर्षी बर्कलेच्या प्रयोगशाळेतल्या लोकांनी दाखवून दिलं की वस्तूंवर बसलेलं निकोटिन खोलीतल्या नायट्रस आम्लाशी मिळून कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्यं तयार करतं. तेव्हापासून हेवीला मी हातमोजे घालतो आणि मास्क लावतो. कोरोनाच्या आधीपासून. लोक विचारायचे, सर्जरी चाललीय काय.

म्हणून सहाशे. हातमोजे, मास्क, अर्धी बाटली आयपीए, दात घासायचे दोन ब्रश, पंखा सोडवून एकेक पातं पुसायचं, पेस्ट नवी, आणि रॅमच्या सोनेरी दातांवर खोडरबर. खोडरबर तर आमचं सगळ्यात जुनं औजार. साध्या पेटीत तो करडा होतो, ओढणाऱ्याच्या पेटीत तपकिरी. मग सगळं तासभर वाळू द्यायचं. पाणी किंवा काच पुसायचं द्रावण वापरून बघू नका, टार त्यानं नीट निघत नाही आणि ओल मात्र आत राहते.

गेल्या दिवाळीनंतर एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. गेमिंगची पेटी, काचेची बाजू, आत रंगीत दिवे, सत्तर-ऐंशी हजारांचा माल. गेम सुरू केला की दहा मिनिटांत अडखळतो. मी काच काढली. ग्राफिक्स कार्डाच्या तिन्ही पंख्यांवर वाकळ, पुढची जाळी पूर्ण बुजलेली. आणि वास आला मोगऱ्याचा. भरपूर मोगरा. त्याच्या खाली, आता माझं नाक परत आलेलं असल्यामुळे, दुसराही आला.

मी नेहमीचा प्रश्न विचारला. “उदबत्ती लावता का कॉम्प्युटरजवळ?”

वडील खूश झाले. “लावतो की ओ! आमी न्हाई, ह्योच लावतोय. रोज रात्री, अभ्यासाला बसताना. दार लावून घेतोय आणि दोन-दोन लावतोय. लई मनापासून.”

मुलगा त्यांच्या मागं उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी जाळीकडं बघितलं.

“धूर बसलाय,” मी म्हणालो. “हेवी करावी लागेल. सहाशे.”

“हेवी म्हंजे?” वडिलांनी विचारलं. फलक वाचून हा प्रश्न विचारणारा वर्षातला तो पहिलाच माणूस.

मी काही बोलायच्या आत पोरगा पुढं झाला आणि खिशातनं पाकीट काढलं. “राहू दे पप्पा, मी देतो.”

वडिलांना पुन्हा बरं वाटलं. संध्याकाळी न्यायला तो एकटाच आला. मी काम झालेलं दाखवलं, तापमान दाखवलं, जाळी दाखवली. टेबलावर खोडरबर पडला होता, तोही त्यानं उचलून उलटासुलटा करून बघितला.

“काका, हे तपकिरी उदबत्तीचं?”

“थोडं उदबत्तीचं.”

त्यानं खोडरबर जागेवर ठेवला, पेटी उचलली, आणि दारातून परत वळून विचारलं, “गच्चीवर चालतंय न्हवं?”

“पेटीला चालतंय,” मी म्हणालो.